ओल्या कापसातला दाणा

हसले की माझी लघवी सुटायची. धाकट्याच्या बाळंतपणापासूनचं दुखणं ते. शाळेत होते तोवर निभावलं. निवृत्त झाल्यावर घरीच गल्लीतल्या मुलांना शिकवायला लागले, आणि एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या तस्नीमने गाढवाचा विनोद सांगितला. मुलं घरी जाईपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही. दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, "बाईंचे गुडघे दुखतात, शिकवणी बंद."

मुलं परत यावीत, एवढ्यासाठीच मी मन्सूरा शहरातल्या डॉक्टर नर्मीनकडे गेले. त्यांनी माझ्या दंडातून स्नायूचा वाटाण्याएवढा तुकडा काढला. त्यातल्या मूळ पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि काही आठवड्यांनी, लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूच्या कड्यात सुईने सोडल्या.

"तुमच्याच आहेत, शरीर त्यांना परकं मानणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मावशी, ही जादू नाही. कुणाला गुण येतो, कुणाला अर्धामुर्धा, कुणाला नाहीच. काही महिने जड उचलायचं नाही."

नाहीच उचललं. पाण्याची बादलीसुद्धा नाही.

मग एके सकाळी खाली कलिंगडवाला ओरडला. मी चौथ्या मजल्यावरून नेहमीसारखी दोरीची टोपली सोडली, त्याने चांगलं थोरलं कलिंगड ठेवलं. मी ओढायला लागले आणि अर्ध्या वाटेतच पाय ओले झाले. दोरी कशीबशी कठड्याला बांधून मी खालीच बसले.

कलिंगड दुसऱ्या मजल्यावर, माझी मैत्रीण रावया हिच्या खिडकीसमोर लोंबकळत राहिलं.

"अगं इन्शिराह, हे बाळ माझ्या दारात झोके घेतंय! कापू का?"

वाट बघून शेवटी ती कलिंगड काखोटीला मारून वर आली. माझ्याकडे पाहिलं आणि तिची थट्टा थांबली. तेव्हा तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

"आणि इतके महिने मला तुझ्या गुडघ्यांना तेल लावायला लावलंस होय गं, लबाडे?" ती म्हणाली, आणि फडकं घेऊन फरशी पुसायला बसली.

डॉक्टरांना सांगताना मी म्हटलं, "उचललं नाही हो, दोरी ओढली फक्त."

"मावशी, तुम्ही शास्त्र शिकवायचात ना? दोरी ओढताना श्वास कोंडून जोर लावलात, त्याचा दाब पोटावर, त्या स्नायूवर नाही आला?"

मी तपासायच्या पलंगावर जाऊन आडवी झाले.

त्यांनी तपासलं. "काही बिघडल्याचं दिसत नाही. पण पेशी टिकल्या का, हे आज सांगता येणार नाही. थांबावं लागेल."

थांबणंच जमेना. घरी दर तासाला मी मुद्दाम खोकून बघायचे, थेंब सुटतो का ते.

अशात रावयाची नात तस्नीम वर आली. हातात काचेचा पेला, त्यात ओला कापूस आणि न्याहारीला उकडतो त्या बाकला कडधान्याचा एक काळवंडलेला दाणा. शाळेचा प्रयोग. डोळे भरलेले.

"बाई, सगळ्यांचे उगवले. माझाच मेला."

"पाणी घातलंस?"

"रोज. आणि मूळ फुटलं का ते रोज काढून बघितलं."

मी तिला रागावणार होते, पण तेवढ्यात माझाच खोकला आठवला. आम्ही दोघींनी नवा दाणा ठेवला. "याला आता हात नाही लावायचा," मी म्हटलं. "तूही नाही आणि मीही नाही." तिला वाटलं, मी दाण्याबद्दलच बोलतेय.

खोकून बघणं त्या दिवसापासून सोडलं. डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम तेवढा करत राहिले. कलिंगडं संपली, संत्री आली. टोपली आता रावयाच ओढायची, वर टोमणेही मारायची.

मग एका दुपारी मी मुलांना परत बोलावलं. पेशी म्हणजे काय ते समजावून सांगत होते, तर तस्नीम उभी राहिली. "बाई, पेशींचं राहू द्या. आजी म्हणते, तुमच्या कलिंगडाने आमच्या खिडकीतून आजोबांना सलाम केला. आजोबांनी झोपेत उलटा सलाम केला!"

वर्गभर खसखस पिकली. मीही हसले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो. थेंबभर ओल जाणवली, पूर्वीसारखा लोट नव्हता.

आणि मुलं समोर बसलेली असतानाच मी खुर्चीतून उठले आणि फळ्यावर पेशीचं चित्र काढायला घेतलं.