चोवीस कड्यांचा प्रसाद

या, जरा जवळ सरका, सतरंजी मोठी आहे. टाळ मांडीवर ठेवा आणि ऐका. एक गोष्ट सांगतो. ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा. देव काही रागावणार नाही, त्या दिवशी तोही हसला असेल.

शिरड शहापूरच्या अंगाला आमचं गाव. आमच्या भजनात पखवाज तातेरावांचा. कीर्तनात बुवांची चाल कुठं भरकटली, तर तातेरावांचा पखवाज तिला हाताला धरून घरी आणून सोडायचा. पण या भल्या माणसाचं पोट लहानपणापासून वैरी. पंधरा-पंधरा दिवस परसाकडं व्हायचं नाही. पोट तट्ट फुगायचं. गेल्या साली ते इतकं पुढं आलं की मांडीवरचा पखवाज गुडघ्यावर गेला आणि त्याच्या दोन्ही तोंडांना हात पुरेनात.

भागवत टाळकऱ्यानं एकदा त्या पोटावर टिचकी मारली अन् म्हणाला, "तात्या, ह्ये बी सुरात लागलंय की!"

सगळे हसले. तातेराव हसले नाहीत. पंचांनी सेनगावच्या एका पखवाजवाल्याला विचारून ठेवलंय, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

अशात जवळा बाजारला शिबिर लागलं. मोठ्या शहरातून प्रियंका नावाच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. फुगलेल्या आतड्यावर त्यांचं संशोधन. त्यांनी तातेरावांचं पोट दाबलं, ठोकलं, कान लावला.

"काका, काहींच्या आतड्याच्या शेवटच्या टोकाला पुढं ढकलायची ताकदच नसते. मग वरचं आतडं रांजणासारखं फुगत जातं. तुमचं तसंच असेल तर ऑपरेशन आम्ही मोफत करू. पण आधी तपासणी."

तपासणी अशी: एक गोळी. तिच्या पोटात चोवीस कड्या, एकेक ज्वारीच्या दाण्याएवढी. गोळी गिळायची, जुलाबाचं काही घ्यायचं नाही, आणि पाचव्या दिवशी हिंगोलीला एक्सरे. त्यात कड्या पांढऱ्या दिसतात. सहापेक्षा जास्त आत राहिल्या तर आतडं खरंच अडलंय, ऑपरेशन पक्कं. कमी राहिल्या तर आतडं ठीक, घरी जा.

तातेराव गोळी घेऊन आले ते थेट मंदिरात. गावात सप्ताह चालू होता आणि नुकतीच आरती झाली होती. त्यांनी गोळी देवापुढं ठेवली, पाया पडले. तोंडाशी नेली आणि थांबले.

"काहून थांबले, तात्या?" भागवत म्हणाला.

"आरे, सप्त्यात देवापुढं ठेवलेलं मी कधी एकट्यानं खाल्लंय का?"

खरंच होतं. फुटाणा असला तरी अर्धा करून देणारा माणूस. त्यांनी गोळी उघडली, कड्या साखर-फुटाण्यात मिसळल्या आणि वाटायला बसले. तातेराव धरून मोजून चोवीस जण होतो. मी हात पुढं केला, माझ्या वाट्याला एक आली. दाताखाली चामट लागली, पण प्रसादाला नाव ठेवू नये. तेविसावी गोजरबाईला, म्हणजे तातेरावांच्या घरच्या लक्ष्मीला. उरली ती त्यांनी स्वतः गिळली.

बाकी पथ्य मात्र गावानं बराबर पाळलं. एरंडेल तेलाची बाटली दिसली की बाया ती तातेरावांच्या पुढून पदराआड न्यायच्या.

पाचव्या दिवशी दोन जीपा भरून आम्ही हिंगोलीला. एक्सरे निघाला. डॉक्टरीणबाई तो उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"काका, एकच कडी आहे. तेवीस गेल्या. तुमचं आतडं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय."

"मग ऑपरेशन?"

"नाही होणार."

तातेरावांनी पोटावर हात ठेवला. "बाई, आज सोळावा दिवस हाये. काहीच झालं न्हाई."

"मग तेवीस कड्या गेल्या कुठं? दार बंद आणि पाहुणे बाहेर?"

गोजरबाई दाराशी उभी होती. पदर सावरत म्हणाली, "त्या बाहीर हायेत, बाई. टपरीवर चहा पिऊन राहिल्या."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टपरीपुढं आम्ही ओळीनं उभे. भागवतनं हात जोडून सगळं सांगितलं.

"तुम्ही औषध वाटलं?"

"औषध न्हाई, प्रसाद," तातेराव म्हणाले.

बाई पायरीवर बसल्या. आधी कपाळाला हात लावला, मग इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. "बरं, कुणाला काही त्रास? सगळ्यांच्या गेल्या का?"

मग काय! "माझी दुसऱ्याच दिशी!" "माझी तर सकाळी लगेच!" "आपलं काम घड्याळासारखं, बाई!" भर रस्त्यात माणसं छाती पुढं काढून सांगायला लागली. रिक्षावाले थांबून ऐकत होते.

गोजरबाई मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत मागं सरकली.

"मावशी, तुमची?"

"मला काय ठावं."

"किती दिवसांनी जाता?"

"आठाला. कधी धाला. बाईमाणसाचं तसंच असतंय. अंधार पडेस्तोवर दाबून धरायचं, मग लागतच न्हाई."

"किती वर्षं?"

"नांदायला आले तवापसून."

तातेराव तिच्याकडं बघतच राहिले. "अगं, चाळीस साल माझ्या पोटाची कथा गावाला सांगत आलीस. आपली काहून न्हाई सांगितली?"

"तुमच्याच पोटानं घर भरलं हुतं. माझं कुठं ठिवू?"



बाईंनी दोघांनाही नव्या गोळ्या दिल्या. या वेळी नर्सबाईनं समोर उभं करून गिळायला लावल्या, वर तोंड उघडून जीभ उचलून बघितली. पाच दिवसांनी तातेरावांच्या पोटात चोवीसच्या चोवीस कड्या, एकही हललेली नाही. ऑपरेशन ठरलं. गोजरबाईच्या अकरा. अकरा म्हणजे अडलेलंच, पण तिचं आतडं फुगलेलं नव्हतं, म्हणून ऑपरेशन नको. दाबून दाबून ते आपलं काम विसरलं होतं. तिला औषध, भरपूर पाणी आणि सकाळची ठरलेली वेळ. घरामागं संडास होता, त्यात तातेरावांनी कडबा भरला होता. तो त्यांनी ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी स्वतः उपसला, वाकता येत नव्हतं तरी.

यंदाच्या सप्त्यात पखवाज पुन्हा तातेरावांच्या मांडीवर होता, पोटाला लागून. दोन्ही तोंडांना हात पुरत होते. काला झाला, वाटायला तेच उठले आणि सगळ्यांना सोडून आधी बायांच्या मागच्या ओळीत गेले. गोजरबाईच्या हातावर पहिला घास ठेवला आणि भर मंडपात विचारलं, "आज झालं का गं?"

ती लाजून म्हणाली, "व्हय. झालं."

आणि काय सांगू, बुवांनी उठून टाळी दिली.

एवढंच मागतो तुमच्याकडं. कुठं प्रसाद वाटायला बसलात, तर मागच्या ओळीतल्या आमच्या गोजरबाईची याद ठेवा.