बाबांचं हसू कुठल्या एपीवर गेलं

बाबा हसले की समोरच्या शिंप्याच्या सुईत दोरा आपोआप ओवला जायचा. खोटं वाटत असेल तर शिंप्यालाच विचारा. बाबा गेल्यापासून बिचाऱ्याला चष्मा लागलाय.

ते हसू आईनं रेकॉर्ड करून एका साइटवर ठेवलं होतं. आता ती कंपनी गाशा गुंडाळत होती, म्हणून हसू वाचवायचं काम आईनं दोन्ही पोरांवर सोपवलं. तिथंच घोळ झाला. इंटरनेट कंपन्यांच्या तावडीतून सोडवायचं, हे दोघांनाही पटलेलं, पण ताई म्हणायची, घराघरात आपापला सर्व्हर हवा आणि त्यांनी एकमेकांशी बोलावं. धाकटा म्हणायचा, सर्व्हर हवाच कशाला, सगळ्यांच्या फोनमध्ये तुकडे पसरून द्यायचे. यावरून दोघं इतके भांडले की भिंतीवरची पाल माहेरी निघून गेली.

शेवटी ताईनं मेसेज केला, 'एपीवर टाक, मग मी जुनं पुसते.' त्यानं टाकलं. तिनं पुसलं.

जेवताना आई म्हणाली, "ऐकवा की मग."

"माझ्या सर्व्हरवर दिसत नाहीये," ताई म्हणाली. "कुठं टाकलंस रे?"

"एपीवर. ॲक्सेस पॉइंट. छपरावरचा वायफायचा डबा."

"अरे शहाण्या, एपी म्हणजे ॲक्टिव्हिटीपब. माझे सर्व्हर ज्या भाषेत बोलतात ना, ती."

"मग तसं लिहायचं." धाकट्यानं मान खाली घातली. "डबा मी दुपारी रिसेट केला. त्यातलं सगळं पुसलं गेलं."

आईचा घास हातातच राहिला. ताईनं भावाला साधं गाढवसुद्धा म्हटलं नाही, यावरून काय ते समजा.

मग आईला काहीतरी आठवलं. बाबा गेले तेव्हा ज्यानं मागितलं त्याला ती हसू पाठवत सुटली होती. तिनं खिडकी उघडली.

"भाऊजी, ह्यांचं हसू आहे का हो तुमच्याकडे?"

"शेवटचा तुकडा आहे, वहिनी. तेवढाच कापून गजराला लावलाय," शिंपी म्हणाला. "सुरुवात न्हाव्यानं रिंगटोनला घेतली."

"आणि मधलं?"

"बेकरीवालीकडे. पीठ फुगेना की ऐकवते त्याला."

तिन्ही भाग आले, ताईनं जोडले.

"बघ, तुकडेच कामाला आले," धाकटा म्हणाला.

"घराघरात होते म्हणून आले," ताई म्हणाली, आणि पुन्हा जुंपली.

आईनं बटण दाबलं. बाबा हसले. भांडता भांडता ताई फिस्सकन हसली, धाकटा तर पाणी पिता पिता नाकातून हसला. आईनं डोळे पुसले आणि राहिलेला घास खाल्ला.

समोरून हाक आली, "वहिनी, परत लावा. अजून एक सुई राहिलीय."