दोन दिवसांचा दम

पाचव्या झाडाच्या शेंगाही पोकळच निघाल्या, तेव्हा थोरलीने चिमटा टेबलावर असा आपटला की स्पिरिटची बाटली डुगडुगली.

"आपटा, आपटा," पलीकडच्या स्टुलावरून धाकटी म्हणाली. "आता नक्की बी धरेल."

"तू गप्प बस. पायाखाली बघ आधी, पिशव्या तुडवतेयस."

दोघी सख्ख्या जावा. बियाणे केंद्राच्या काचघरात शेजारीशेजारी बसून चौदा वर्षं त्यांनी टोमॅटोच्या फुलांचं काम केलेलं. धाकटी लग्न होऊन आली त्याच वर्षी थोरलीने तिला इथे आणलं, चिमटा कसा धरायचा इथपासून शिकवलं, आणि तेव्हापासून घरी नि कामावर, दोन्हीकडे तिच्या चुका काढायचा हक्क स्वतःकडे ठेवला. धाकटीही काही कमी नव्हती. मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायची आणि मग हवं तेच करायची.

टोमॅटोचं फूल मोठं आपमतलबी. स्वतःचा पराग स्वतःवरच पाडून मोकळं होतं. त्याला वारा लागत नाही की माशी लागत नाही. म्हणून दोन वाणांचा संकर करायचा तर त्याला आधी अडवावं लागतं. उमलायच्या आत कळी उघडायची, आतले पुंकेसर चिमट्याने उपटायचे, वर कागदी पिशवी बांधायची, दोन दिवस दम धरायचा, आणि फूल चांगलं तयार झालं की दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. यातले ते दोन दिवस थोरलीला फार प्यारे. "कच्च्या कळीला पराग लावायची घाई आळशी बायकांना असते," असं ती प्रत्येक नव्या बाईला बजावायची, आणि बजावताना नजर धाकटीकडे असायची.

यंदा मात्र काम उलटं आलं होतं. कोबीचा एक जुना वाण होता. थंडपेटी बंद पडली, ठेवलेलं बियाणं मेलं, आणि पेरलेल्यातली फक्त सात रोपं जगली. त्या सातांच्या स्वतःच्याच परागाने शुद्ध बी मिळवायचं होतं. नाही मिळालं तर वाण कायमचा गेला. आणि कोबीचा स्वभाव टोमॅटोच्या अगदी उलट. कोबीचं फूल स्वतःचा पराग ओळखतं आणि दारातूनच परत पाठवतं. सातही झाडं एकाच रक्ताची, त्यामुळे शेजारच्या झाडाचा परागही त्याला घरचाच वाटतो.

वीस वर्षं ज्यांनी हा वाण सांभाळला, त्या संशोधक बाई नेमक्या डोळ्यांच्या ऑपरेशनला लांबच्या गावी गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "कळी उघडून हाताने पराग लावा. चिमट्याचं काम तुम्हाला मी काय शिकवणार? वाण तुमच्या हवाली."

त्या शेवटच्या तीन शब्दांनी थोरलीची झोप उडवली. तिने गड्ड्यांना वरून आडव्याउभ्या चिरा दिल्या, आतून फुलांचे दांडे वर आले, चार पाकळ्यांची पिवळी फुलं लागली. तिने सगळं चोख केलं. कळी उघडली, पुंकेसर काढले, पिशवी बांधली, दोन दिवस थांबली, मग त्याच झाडाचा ताजा पराग मऊ ब्रशने लावला. शेंग बोटभर लांबायची, आशा लावायची, आणि मग वाळक्या काडीसारखी पिवळी पडून गळायची. चिरून बघावं तर आत काही नाही.

तिने ब्रश बदलला. स्पिरिट बदललं. काच तापते म्हणून काचेवर गोणपाट टाकायला लावलं, मग उजेड कमी पडतो म्हणून तेच काढायला लावलं. पाणी घालणाऱ्याला बोल लावले. बाईंना दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. घरी दिराने सहज विचारलं, "वहिनी, कोबी काय म्हणतो?"

"तुमच्यावर गेलाय भाऊजी. वरून ऐसपैस, आत रिकामा."

दीर हसला, पण ती हसली नाही. फुलांचा हंगाम संपत आला होता. शेंड्यांवर मोजक्या कळ्या उरल्या होत्या.

पाचवं झाड असं हातचं गेलं, त्यानंतर चार दिवसांनी सकाळी ती सहाव्या झाडापाशी गेली. मागच्या बाजूच्या एका फांदीवरची पिशवी सोडली आणि थबकली. अकरा शेंगा. हिरव्या, टपोऱ्या, आत दाण्यांची माळ बाहेरून बोटाला लागावी अशा.

आनंद क्षणभरच टिकला. पिशवीला लावलेल्या चिठ्ठीवर अक्षर धाकटीचं होतं. कळी साफ केल्याची तारीख आणि पराग लावल्याची तारीख एकच.

थोरलीच्या डोळ्यांपुढे सगळं लख्ख उभं राहिलं. जिथे तिच्यासारखीच्या हाताला एक दाणा लागला नाही, तिथे या घाईबाईच्या हाताला अकरा शेंगा लागतात कशा? चिमटा पुसला नसेल. पलीकडच्या वाफ्यातल्या दुसऱ्या कोबीचा पराग आला असेल. भेसळ! असलं बी शुद्ध म्हणून बाईंच्या हातात द्यायचं? तिने एकेक शेंग तोडली आणि पायाखाली चिरडली.

धाकटी आत आली तेव्हा अकरावी चिरडून झाली होती.

"अहो ताई! काय केलंत हे?"

"तू काय केलंस ते सांग. कुठला पराग लावलास?"

"याच झाडाचा. वरच्या फांदीवरच्या पिशवीतल्या फुलाचा."

"खोटं बोलू नकोस. चिमटा पुसला होतास?"

"दोनदा पुसला. तुम्ही पलीकडच्या झाडाशी पाठमोऱ्या होतात, तरी पुसला."

"मग तारीख एकच कशी?"

धाकटी जरा चाचरली. "त्या दिवशी मुलीच्या शाळेत बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी बँकेचं काम. म्हटलं, दोन दिवसांनी या कळ्यांसाठी परत कोण वाकणार? साफ केल्या आणि लगेच लावून टाकला."

"आणि पिशवी ढिली बांधून पळालीस. माशी शिरली आत."

"पिशवी तुम्ही बांधलीत ताई. पराग लावून झाल्यावर मी ओढणी आवरत होते, तर 'सरक, तुझ्याच्याने व्हायचं नाही' म्हणून तुम्हीच बांधलीत."

थोरलीने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. दोऱ्याला तिचीच दुहेरी गाठ होती. आत्ता सोडताना नखं लागली होती तिला.

ती स्टुलावर बसली. चिठ्ठीवरची तारीख पुन्हा वाचली. मग हळू आवाजात, जणू झाडाशीच बोलावं तशी बोलू लागली. "उमललेलं फूल ओळखतं. कळी अजून ओळखत नाही. कळीत लावला की घेते बिचारी. आणि मी तिला दोन दिवस देत बसले, शहाणं व्हायला."

"सातवं आहे अजून," धाकटी म्हणाली.

सातव्याच्या शेंड्यावर तीसेक कळ्या होत्या. थोरलीने पहिली उघडली, पुंकेसर काढले, आणि तिचा हात आपसूक पिशवीकडे गेला. चिडून तिने तो मागे घेतला. दुसऱ्या कळीला पुन्हा तेच. चौदा वर्षांची सवय बोटांत मुरलेली, डोक्याचं ऐकेना.

"मेल्या हाताला अक्कल म्हणून नाही," ती करवादली. "धर तो ब्रश. मी कळी उघडते, तू लगेच लाव."

"लगेच?" धाकटीने भोळा चेहरा केला. "आळशी बायकांसारखी?"

"लाव म्हणते ना!"

तीसपैकी एकोणीस शेंगा भरल्या. त्या वाळून हाताशी आल्या त्याच आठवड्यात बाई परतल्या, काळा चष्मा लावून. त्यांनी बी तळहातावर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, बोटाने पसरून पाहिलं.

"वाण वाचला," त्या म्हणाल्या. "पण फार थोडं आहे हो. पुढचं वर्ष यावरच काढायचं. बाकीच्या सहा झाडांचं काय झालं?"

थोरलीने ठरवून आणलेलं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "पाचांचं माझ्यामुळे गेलं. सहाव्यावर हिने अकरा भरलेल्या शेंगा आणल्या होत्या. त्या मी तोडल्या."

बाईंनी बी जपून मुठीत मिटलं. मग म्हणाल्या, "चूक माझी. थांबायचं नाही, हे मी सांगायला हवं होतं. तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चालले."

"हो, सांगायला हवं होतं," थोरली म्हणाली. बाई रागावल्या तर रागावोत, असा तिचा आवाज होता.

परतताना काचघराच्या वाटेवर ती धाकटीवर उखडली. "आणि तू! तोंड शिवलं होतं का तुझं? मी लगेच लावला, एवढं त्या दिवशी सांगितलं असतंस तर पाचवं झाडही वाचलं असतं."

"सांगितलं असतं, तर त्याच दिवशी तोडल्या असत्या तुम्ही त्या कळ्या."

 थोरली चार पावलं पुढे चालली आणि दार ढकलून आत गेली.