रिक्केचं दूध

"गुडरून, सतराचं पोट बघ जरा," आस्गर म्हणाला.

मी ते आधीच बघितलं होतं. सतरा नंबरचं पिल्लू डुकरिणीचं पोट कापून दिवस भरायच्या आधीच काढलेलं, जेमतेम आठशे ग्रॅमचं. पोट ताठ, कातडीवर निळसर झाक, सकाळपासून शी नाही. आतडं कुजायला लागलं की असंच होतं. एकोणीस वर्षं मी विद्यापीठाच्या या गोठ्यात अपुऱ्या दिवसांची पिल्लं सांभाळते आहे. दर तीन तासांनी नळीतून त्यांच्या पोटात दूध सोडायचं. पेटीवर निळी पट्टी असेल त्याला पावडरचं, पिवळी असेल त्याला डुकरिणीचा चीक. कोणाला काय मानवतं आणि का, हे आस्गरसारख्या शिकलेल्यांनी शोधायचं. मी फक्त पाजते.

सतराच्या पेटीवर पिवळी पट्टी होती.

"चीक पिऊनसुद्धा?" मी विचारलं.

"होतं कधीकधी. का ते कळलं असतं, तर आपण दोघं केव्हाच घरी बसलो असतो."

तेवढ्यात एस्बेनचा, माझ्या मुलाचा, फोन आला. "आई, छोटीचं पोट फुगलंय. डॉक्टरांनी दूध बंद केलंय. रिक्के माझ्याशी एक शब्द बोलत नाहीये. तू ये."

रिक्के माझी सून आणि छोटी म्हणजे माझी नात. सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मली, त्याला आज नऊ दिवस झाले. माझ्या हातातली दुधाची सिरिंज आस्गरनं काढून घेतली तेव्हा मला कळलं, की मी ती नुसतीच धरून उभी होते.

हॉस्पिटल सायकलनं पंचवीस मिनिटांवर. सगळ्या रस्ताभर मला ईस्टरचं जेवण आठवत होतं. माझ्या कामाबद्दल घरात कोणी कधी विचारत नाही. जेवताना डुकरं नकोत, असा एस्बेनचा नियमच आहे, आणि हे तो डुकराच्याच लिव्हरची पेस्ट पावाला थापता थापता सांगतो. पण त्या दिवशी पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलं, आणि वाइनचे दोन पेले पोटात गेल्यावर मी सुटलेच. पावडर पाजलेल्यांची आतडी काळी पडतात, चीक पाजलेली तिसऱ्या दिवशी तुरुतुरु चालतात. आईच्या पहिल्या दुधापुढे सगळं विज्ञान झक मारतं, असंही म्हणाले. सगळे कान देऊन ऐकत होते. रिक्के समोरच बसली होती, चार महिन्यांची गरोदर. तिनं काटा खाली ठेवला, तो मला दिसलाही होता.

मी पोचले तेव्हा ती काचेच्या पेटीशेजारी बसली होती, छातीला दूध काढायचं मशीन लावून. एस्बेन भिंतीला टेकून उभा होता. पेटीत छोटी, माझ्या तळहातापेक्षा थोडी मोठी.

"आलीस? बरं झालं," रिक्के म्हणाली. "आता तूच सांग, गुडरून. तुझ्या पिल्लांना असं झालं की काय करतेस?"

आम्ही कायमचं झोपवायचं इंजेक्शन देतो. मग पोट उघडून आतडं मोजतो.

"दूध बंद करतो," मी म्हणाले. "आणि वाट बघतो."

"मी तिला पावडरचा एक थेंब देऊ दिला नाही. माझं येईल तेवढं माझं, बाकी दूधबँकेतलं. नऊ दिवस! दिवसरात्र हे यंत्र लावून बसते आणि चमचाभर निघतं. तू म्हणाली होतीस आईचं दूध असलं की काही होत नाही. मग माझंच कमी पडलं ना?"

"नाही गं. आज आमच्याकडे चीक पिणारं पिल्लूही फुगलं. तसं होतं."

"आधीही व्हायचं?"

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा ती गोष्ट रंगली नसती," मी म्हणाले. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मशीन घुरघुरत राहिलं.

"बंद कर ना ते आता," एस्बेन हळूच म्हणाला. "तिला देतच नाहीयेत."

"बंद केलं तर आटेल. ती बरी झाल्यावर काय पाजू? तुझं डोकं?"

पुढचं बोलणं तिच्या तोंडातच राहिलं. ती खाली बघत होती. बाटलीत थेंब पडत नव्हते, धार लागली होती. तळ झाकला, पहिली रेघ ओलांडली, दुसरी ओलांडली. आम्ही तिघंही खुळ्यासारखे बघत राहिलो.

"आज?" रिक्के म्हणाली. "आज येतंय?"

ती आधी हसली. मग तिनं तोंडावर हात दाबला. एस्बेन खाली बसला आणि त्यानं तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. यंत्र मात्र तिनं काढलं नाही.

बाटली भरल्यावर नर्सनं माझ्या हातात बाटलीवर लावायची चिठ्ठी आणि पेन दिलं. तारीख, वेळ, बाळाचं नाव. नाव अजून ठेवलेलं नव्हतं. मी लिहिलं, 'रिक्केची मुलगी'.

"फ्रीज बाहेर, डाव्या हाताला," नर्स म्हणाली. "खालच्या कप्प्यात ठेवा."

मी फ्रीजचं दार उघडून उभी राहिले. बाटली अजून कोमट होती, म्हणून ती लगेच आत न ठेवता मी दोन्ही हातांत धरून राहिले.