मैनाबाईची रेकॉर्ड

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. बीबी गावचा शेषराव घरची भाजीची वाडी सांभाळून लग्नाबारशाला फोनो आणि भोंगा घेऊन जायचा. लोकांना गाजलेलीच गाणी हवी असत. शेषरावाचा जीव मात्र कुणी न मागितलेल्या गाण्यांत अडकलेला. अशा रेकॉर्डी तो वेगळ्या पेटीत ठेवी, आणि घरी त्या ऐकायला त्याची बायको आशाबाई तेवढी असे.

सुलतानपूरच्या तुळशीरामाकडे नातवाचं बारसं होतं. लेकीचं पहिलंच मूल, म्हणून व्याही उत्तमराव सगळं गणगोत घेऊन आले होते. जेवणाला अवकाश होता. तुळशीराम सहज म्हणाला, आज तुमच्या आवडीचं लावा. शेषरावानं पेटी उघडली खरी, पण आधी कोणती रेकॉर्ड लावावी ते ठरेना. पहिल्या गाण्याला कुणी मान वर केली नाही. दुसऱ्याला मांडवातली पोरं सिनेमातलं मागू लागली. बंद करावं की काय, असं त्याला वाटलं. तरी त्यानं तिसरी रेकॉर्ड लावली. गाणं फार जुनं होतं, कंपनीनं ते नव्यानं काढलं होतं आणि शेषरावानं जालन्याहून आणलं होतं. बाईचा आवाज जरासा घोगरा, पण सुरात पक्का. मांडव हळूहळू गप्प झाला.

तेवढ्यात तुळशीरामाची बायको अंबूबाई पिठाच्या हातांनी लगबगीनं आली आणि खाली वाकून हळूच म्हणाली, "भाऊ, हे शेवटपावतर वाजू देऊ नका."

"काऊन?"

"माही माय हाय ते."

जुन्या काळी गाणाऱ्या बाया रेकॉर्डच्या शेवटी आपलं नावगाव सांगत. ही बाईसुद्धा सांगे: मी मैनाबाई साखरखेर्डेकर. अंबूबाईला मामानं वाढवलं होतं आणि माय ती लहान असतानाच वारली असं सासरी सांगून तिचं लग्न लावलं होतं. बैठकीत गाणाऱ्या बाईची लेक हे आता व्याह्यांना कळलं, तर लेकीचं काय होईल? सुई शेवटाकडे सरकत होती. शेषरावानं ती उचलली आणि सुई बोथट झाली म्हणून सांगितलं.

पण उत्तमरावच उठून जवळ आले. गाणं चांगलं होतं, नवी सुई घालून पुन्हा लावा, म्हणाले. नाही म्हणायला कारण सापडेना. शेषरावानं रेकॉर्ड पुन्हा लावली. शेवटाला सुई कशी उचलायची, याच विचारात गाणं त्याला ऐकूच आलं नाही. अंबूबाई तिथून हलली नव्हती. गाणं संपत आलं तसा त्यानं हात पुढे केला. तिनं तो मनगटाशी धरला.

भोंग्यातून नाव आलं, गाव आलं.

उत्तमरावांनी विचारलं, "कोण हो ह्या मैनाबाई?"

"माही माय," अंबूबाई म्हणाली. "ते मेली नव्हती. मले खोटं बोलाले लावलं होतं."

उत्तमरावांनी बाळाला मांडीवर मागून घेतलं आणि पंगत बसवा म्हणाले. तुळशीराम मात्र गोठ्याकडे निघून गेला.

शेषराव घरी आला तो धास्तावूनच. दुसऱ्याच्या घरात आपण काय करून बसलो, हेच त्याच्या डोक्यात घोळत होतं. आशाबाईनं समजूत घातली, तरी कुणी सुलतानपूरचं नाव काढलं की त्याचा चेहरा उतरे.

बीबीच्या बाजाराच्या दिवशी त्याच्या दारात बैलबंडी थांबली. अंबूबाई उतरली. रेकॉर्ड ऐकायची आहे, म्हणाली. लेक सासरी सुखरूप पोचली होती. उत्तमरावांनी त्या गोष्टीचा पुन्हा विषयच काढला नव्हता.

"आणि तुळशीराम?" शेषरावानं घाबरतच विचारलं.

अंबूबाईनं बाहेर पाहिलं. तुळशीराम बैलांना चारा टाकत होता.

"माह्याशी अजून बोलत नाहीत," ती म्हणाली. "पण सकाळी बंडी त्यायनंच जुंपली."