शेवट राहू दे

त्या सिनेमाचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. नायक-नायिका पहिल्याच दृश्यात कडाकडा भांडतात, तेव्हाच शेंबड्या पोरालाही कळावं की यांचं लग्न होणार. मग नायक आचाऱ्याचं सोंग घेऊन तिच्या घरात शिरतो, मामाची कवळी श्रीखंडात पडते, तिचं लग्न भलत्याशीच ठरतं आणि हा शहाणा ऐन मुहूर्ताला स्कूटरवरून निघतो. वाटेत पेट्रोल संपतं. तरी पोचतो. न पोचून सांगतो कुणाला?

तळेगावच्या डायलिसिसच्या खोलीत आठवड्यातून तीनदा आम्ही हाच सिनेमा बघायचो. मशीन चालवणाऱ्या पवनच्या पेनड्राइव्हमध्ये आणखी दोन होते. एकात नायिका आजारानं मरते, दुसऱ्यात खून. दोन्ही एकेकदा लावून झाले आणि सगळ्या खाटांवरून ओरड झाली, बाबा, ते कवळीवालंच लाव. ओरडणाऱ्यांत मीही होते. आमच्यापैकी कुणाचं पुढे काय होईल ते डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. निदान समोरच्या भिंतीवर तरी भलतंसलतं होऊ नये, एवढंच आमचं म्हणणं.

माझ्या शेजारच्या खाटेवर वडिवळ्याचे महिपती आबा असायचे. भातशेती, धरणाच्या काठाला घर. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून ते मला बाई म्हणत. मास्तरणीकडे अधिकार आपोआप येतो, तसा टीव्हीचा रिमोटही माझ्या उशाशी आला होता.

आबांना कामशेतहून गावाकडे जाणारी जीप गाठायची असे. म्हणून पवन त्यांना सगळ्यांच्या आधी मशीनला लावायचा आणि सगळ्यांच्या आधी सोडायचा. त्यात डॉक्टरांची फेरी होईपर्यंत टीव्ही लावायचा नाही, हा तिथला नियम. त्यामुळे पडद्यावर स्कूटरचं पेट्रोल संपायला आणि आबांच्या हातातल्या सुया निघायला नेहमी एकच गाठ पडायची. बाहेर बाकावर बसलेली त्यांची बायको, रतनबाई, पिशवी घेऊन दारात यायची आणि आबा टीव्हीकडे बघत उलट्या पावली निघायचे.

"बाई, पोचतो का वो ह्यो?"

"न पोचायला काय धाड भरलीय त्याला? अहो आबा, तो..."

"न्हाई न्हाई, सांगू नका!" ते कानांवर हात ठेवायचे. "माजं मी बघीन की."

एकदा पवन म्हणाला, "आबा, पुढे ढकलून शेवट दाखवू का? लगेच होईल."

"राहू दे," आबा म्हणाले. "फुडच्या खेपंला."

कवळी श्रीखंडात पडली की ते इतके हसायचे की सुईचा हात हलायचा आणि मशीन बोंबलायला लागायचं. पवन धावत यायचा. "आबा, हात हलवू नका!" "मी न्हाई हलवला, हसू हलवतंय," असं ते वर सांगायचे. चिडून का होईना, मीही हसायचे. कवळी कुठल्या वाटीत पडणार हे ठाऊक असूनही ती पडायची वाट बघण्यात काय सुख आहे, हे मला त्यांच्या शेजारी पडून कळलं.

बाकी सुख म्हणावं असं तिथे काही नव्हतं. सुयांची सवय होते, पाण्याची होत नाही. आमच्या अंगातून पाणी बाहेर पडत नाही, म्हणून प्यायचं तेही घोटाघोटानं, औषधासारखं. आबांच्या दारात धरण भरलेलं आणि यांना दिवसाला पेलाभर पाणी.

"म्हशी पानी प्याया लागल्या की मी आत जाऊन बसतो, बाई," ते एकदा म्हणाले. "बघवत न्हाई."

दिवाळी झाली, भातं काढणीला आली, आणि आबांच्या हाताची, सुया घालायची नस बंद पडायला लागली. दुसऱ्या हाताची आधीच गेलेली. डॉक्टरांनी फेरीत सांगितलं, आज कसंबसं भागेल, पुढच्या वेळी मानेत नळी घालावी लागेल. आबा "बरं" म्हणाले. एरवी एका सुईवरून पवनशी हुज्जत घालणारा माणूस, नुसतं "बरं" म्हणाला.

सिनेमा चालू होता. स्कूटरचं पेट्रोल संपलं. पवननं सुया काढल्या, पट्टी बांधली. आबा उठलेच नाहीत.

"बाई, आज शेवट बघून जातो."

"आणि जीप?"

"जाऊ द्या जीप."

मी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद करून टाकला. खोलीत एकच गलका झाला.

"आज नाही," मी म्हणाले. "पुढच्या खेपेला, आबा. सोमवारी."

"बाई..."

"सोमवारी म्हटलं ना!" वर्गावर ओरडायचे तसा आवाज निघाला. गलका थांबला.

दारातून रतनबाई आत आली. ती कधी आत येत नसे. आबांच्या पायाशी टेकली आणि म्हणाली, "लावा, बाई. बघू द्या त्यास्नी. आमचं घरी बोलून झालंय समदं."

"काय बोलून झालंय? त्या नळीला भ्यालात?" मी मानेवरचा पदर बाजूला केला आणि माझा जुना व्रण त्यांना दाखवला. "हा बघा. मला घातली होती. मेले का मी?"

"तुमी न्हाई मेला," आबा शांतपणे म्हणाले. "पर मी दमलो, बाई. मला तांब्याभर पानी प्यायचंय. मोजून न्हाई. वरनं, घटाघटा."

ते ऐकून माझी कोरडी जीभ टाळ्याला चिकटली. त्यांची समजूत घालायची सोडून मला तो तांब्या दिसला, बाहेरून गार, थेंब आलेला. मला स्वतःची भयंकर चीड आली. मी रिमोटचं बटण दाबलं.

नायकानं स्कूटर टाकून दिली. बँडवाल्यांच्या टेम्पोत चढला, गळ्यात ढोल अडकवून मांडवात घुसला. रतनबाईला कशाचा काही पत्ता नव्हता. आबा तिला सांगत होते, "ह्यो मामा. ह्याची कवळी मगाशी श्रीखंडात पडली." ती तोंडाला पदर लावून हसली आणि तसाच तो पदर डोळ्यांना लावला. अंतरपाट खाली आला. पलीकडे ढोलवाला उभा. आबा मोठ्यांदा हसले. या वेळी बोंबलायला मशीन नव्हतं.

"पोचला की वो, बाई! मला ठावंच हुतं."

"पहिल्यापासून?"

"तर वो. येड्यालाबी कळंल."

मग ते उठले, रतनबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. उलट्या पावली नाही, आमच्याकडे पाठ करून.

सोमवारी त्यांची खाट रिकामी होती. पवननं घरी दोनदा फोन केला, डॉक्टरांनीही केला. आबांचं उत्तर तेच, दमलो. भाताची झोडणी चालू होती त्या आठवड्यात ते गेले. मी रतनबाईला फोन केला. सुखानं गेले असं ती म्हणेल, अशी माझी खुळी आशा.

"लय तरास झाला, बाई," ती म्हणाली. "अंग सुजलं, दम लागला, रातभर बसून हुते. शिनिमावानी न्हाई झालं." मग म्हणाली, "पानी पेले पर. तांब्या भरून पेले, आन् मला म्हनले, आजून आन."

आता त्या खाटेवर लोणावळ्याचे एक साहेब असतात. परवा त्यांचा पहिला दिवस. कवळी पडली तेव्हा ते हसले, मशीन बोंबललं आणि मी पटकन भिंतीकडे तोंड केलं. पुढे स्कूटरचं पेट्रोल संपलं. मी उशाशी हात घातला आणि टीव्ही बंद केला.

"अहो बाई, शेवट राहिला की!" साहेब म्हणाले. "पोचतो का तो?"

"राहू दे," मी म्हणाले. "पुढच्या खेपेला."