मनकर्णाबाई दर्याकाठी जातात

कामरगावात मनकर्णाबाईंची एकच ख्याती होती: बाई घर सोडत नाहीत. भाचीचं लग्न असो की नणंदेकडचं बारसं, त्या दारातूनच आहेर पाठवायच्या. कधी वाशीमला जाणं टळलंच नाही, तर आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घ्यायच्या नाहीत, आणि परत आल्यावर तांब्याभर पाणी एका दमात प्यायच्या. त्यांचे यजमान उकंडराव लोकांना सांगायचे, "हिले घरच गोड. काय करता?"

नवरा-बायको दोघंही भाजीपाल्याच्या मळ्यात राबणारी. मेथी, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, काढायची आणि पहाटे कारंज्याच्या बाजारात पाठवायची. मुलगा शिवम गाड्या दुरुस्त करायचा. त्याने शाळेची एक जुनी, मोडीत निघालेली गाडी घेतली आणि वर्षभर तिच्यामागे लागला. सीटा काढून दोन बाकं केली, ती रात्री जोडली की पलंग व्हायचा. शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी चढवली. मागच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून एक छोटा संडास केला. तो मात्र त्याच्या बायकोच्या, वर्षाराणीच्या हट्टाने.

"गाडीत कायले पायजे तो?" शिवमने विचारलं होतं.

"पायजे," वर्षाराणी म्हणाली.

फेब्रुवारीत मळा थोडा मोकळा झाला. शेजारच्या गंगूने मळ्याला पाणी द्यायचं कबूल केलं आणि शिवमने जाहीर करून टाकलं की आता कोकणात जायचं, समुद्राच्या काठाकाठाने. मनकर्णाबाईंनी नेहमीप्रमाणे मान हलवली. पण या वेळी कारणच सापडेना. झोपायला स्वतःची गोधडी, जेवायला स्वतःच्या हातची भाकर, कोणाच्या घरी उतरायचं नाही. "घरच चाललं ना तुमच्यासंग," वर्षाराणी हसून म्हणाली. बाई गाडीत बसल्या.

समृद्धी महामार्ग, मग पुढे कोल्हापूर, आंबा घाट. उकंडराव लहान मुलासारखे खिडकीला चिकटून होते. मनकर्णाबाईंचं मात्र खिडकीबाहेर लक्षच नव्हतं. मागच्या कोपऱ्यातलं प्लायवूड त्यांच्या पाठीशीच होतं. पण पलीकडे हातभर अंतरावर नवरा बसलेला, पुढे मुलगा गाडी चालवतोय. आतला बारीकसा आवाजही गाडीभर ऐकू येईल. त्या फक्त मुक्कामी, सगळे झोपल्यावर, दबक्या पावलांनी उठत. दिवसभर पाण्याची बाटली पुढे आली की म्हणत, "तहान नाई मले."

रत्नागिरी मागे टाकून ते उत्तरेकडे लागले. रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे नुसत्या रचलेल्या बुटक्या भिंती, काजूची झाडं, आणि वळणावर अचानक खाली पसरलेलं निळं पाणी. एका ठिकाणी माणूसच दिसेना, नुसती वाळू आणि लाटा. शिवमने गाडी उतारावरून खाली वाळूपर्यंत नेऊन थांबवली.

"आई, समुद्र पाह्य ना, किती मोठा हाय!"

मनकर्णाबाई खाली उतरल्या. चार पावलं चालल्या असतील. समुद्राकडे बघायला मान वर केली आणि उभ्याच्या उभ्या वाळूत कोसळल्या.

ओठ पांढरे पडले होते, अंगाला घाम. वर्षाराणीने तोंडावर पाणी मारलं, तरी डोळे उघडेनात. फोनला रेंज नव्हती. गाडी फिरवायला जागा नव्हती, म्हणून शिवमने ती तशीच उलटी, चढावरून, गडग्याला घासत वर आणली. वर काजूच्या बागेत काम करणाऱ्या एका माणसाने हाताने वाट दाखवली. आरोग्य केंद्र पुढच्याच वाडीत आहे, तो ओरडून सांगत होता.

मागच्या बाकावर उकंडराव बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बाजारात ठणकावून भाव सांगणारा माणूस आता हलक्या आवाजात विनवत होता. "मनकर्णा, डोये उघड व. आमीच जबरदस्तीनं आणलं तुले. आपुन घरी जाऊ. आताच जाऊ. बोल ना काई."

आरोग्य केंद्रातली डॉक्टर तरुण होती. तिने नाडी पाहिली, पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली आणि लगेच सलाईन लावलं. "यांनी पाणी कधी प्यायलंय शेवटचं?"

शिवमने गाडीतून आईच्या पुढ्यातली बाटली आणून दाखवली; ती भरलेलीच होती.

सलाईनची बाटली निम्मी उतरली तेव्हा मनकर्णाबाईंनी डोळे उघडले. वरचा अनोळखी पंखा बघून त्या पुटपुटल्या, "मी कुठी हाओ?"

ते बोलणं ऐकून डॉक्टर चमकली. मग तिचा चेहराच खुलला. "कुठल्या व काकू तुमी?"

"कामरगावची."

"माय व! मी वाशीमकडच्या जऊळक्याची. पल्लवी नाव माह्यं. माह्ये बाबा अजून तिथंच राह्यतात, टेसनापाशी."

इतक्या लांब, खाऱ्या वाऱ्यात, आपल्या गावचं बोलणं कानावर पडलं आणि मनकर्णाबाईंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. डॉक्टर पल्लवीने उकंडराव आणि शिवमला बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं आणि स्टूल ओढून जवळ बसली.

"काकू, पाणी काहून नाई प्यायल्या?"

मनकर्णाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून त्या बोलायला लागल्या. शिवमच्या वेळचं बाळंतपण अवघड गेलं होतं. तेव्हापासून अंग खाली येतं. लघवी थांबत नाही. खोकला आला, हसू आलं तरी लुगडं ओलं होतं. बसमध्ये एकदा तसं झालं होतं, तेव्हापासून बस सोडली. लग्नाच्या मांडवात बसायची भीती, कोणाच्या गादीवर बसायची भीती. "मले वाटे, बाईच्या जातीले हे असंच रायते. सांगाव कोनाले?"

वर्षाराणीने त्यांचा हात धरला. "मले थोडं समजलं होतं, आई. तुमी लुगडी लपवून धुवत होत्या. पन इचारायची हिंमत नाई झाली."

डॉक्टर पल्लवीने तपासलं. मग हात धुऊन आली आणि साध्या शब्दांत म्हणाली, "काकू, हा आजार हाय. तुमचा दोष नाई. याले इलाज हाय. व्यायाम हाय, आधाराची रिंग हाय, गरज पडली त ऑपरेशनबी होते. घरी गेल्यावर वाशीमले नाई त अकोल्याले बाईमानसाच्या डॉक्टरले दाखवा. मी कागद देतो लिहून. आन पाणी बंद करू नका. पाणी कमी केलं की जळजळ वाढते, त्यानं अजून घाईची लागते."

"इलाज हाय?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"हाय."

"खरंच?"

"तुमची शपथ घेऊ का?"

मनकर्णाबाई हसल्या. हसता हसता सवयीने पोटाशी हात गेला, आणि मग त्यांनी तो हात सोडून दिला. छातीवरून धोंडा उचलावा तसा एक लांब श्वास बाहेर पडला.

उकंडराव आत आले तेव्हा बायको उशीला टेकून बसली होती. सुनेला बाईंनी बाहेर जायला सांगितलं आणि सगळं स्वतःच नवऱ्याला सांगितलं. उकंडराव खाली मान घालून ऐकत राहिले.

"इतक्या वर्सात मले नाई सांगता आलं तुले?"

"तुमाले कसं सांगाव? तुमी म्हनत होते, हिले घरच गोड."

उकंडरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आता नाई म्हननार," ते म्हणाले. मग तिची चादर नीट करत, "वाचली. तू वाचली, हे बरं झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरने जायला हरकत नाही म्हटलं. उकंडराव घरी परतायच्या गोष्टी बोलू लागले, पण बाईंनीच त्यांना अडवलं. "एवढ्या दूर आली मी. समुद्र त पायलाच नाई अजून."

गाडी निघाली. बाटली हातात आली, मनकर्णाबाई उघडपणे पाणी प्यायल्या. तासाभराने त्यांनी नुसतं मागच्या प्लायवूडकडे वळून बघायचा अवकाश, उकंडराव गरजले, "शिवम, थांबव रे गाडी! चाल, खाली उतर, टायर पाहू."

"आत्ताच पाहिले ना बाबा."

"पुन्हा पाहू."

दोघं बापलेक रस्त्याच्या कडेला गाडीकडे पाठ करून, नारळाची झाडं मोजल्यासारखे उभे राहिले. आतून सासू-सुनेचं हसणं बाहेर आलं, मोकळं.

संध्याकाळी ते जयगडच्या खाडीवर पोचले. पलीकडे जाणारी फेरीबोट लागली होती आणि गाड्या एकामागे एक आत चढत होत्या. बोट सुटली तेव्हा वर्षाराणी म्हणाली, "आई, आतच बसा, वारा हाय."

पण मनकर्णाबाई कधीच उतरल्या होत्या. पदर कमरेला खोचून त्या पार पुढे, कठड्याला धरून उभ्या होत्या. पाण्याचे शिंतोडे तोंडावर उडत होते. शेजारी उभ्या असलेल्या कोळणीला त्या विचारत होत्या, "बाई, पलीकडं गाव कोनतं लागते? आन त्याच्या पुढं?"